वाचक विचारतात: बॅलरॅटच्या सोन्याचं काय ते एकदाचं सांगा

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या की भाच्याकडे मेलबर्नला गेले तेव्हा एक दिवस बॅलरॅट नावाच्या सोन्याच्या गावात जाऊन आले, नाल्यात परात घालून सोनं काढलं नि युरेका नावाचा फाटका झेंडा बघितला. बस्स, एवढंच. त्यावर इतकी पत्रं नि मेसेज येऊन राह्यले की संपादक म्हणाले या महिन्याचं सदर त्यावरच करून टाका. नागपूरकराला सोन्यात किती इंटरेस्ट आहे हे धनत्रयोदशीला इतवारीत उभं राहिलं की कळतेच म्हणा. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑस्ट्रेलियाचं व्हिक्टोरिया राज्य, मेलबर्नपासून साधारण ११५ किलोमीटर. मूळ लोक वाडावुरुंग, नावही त्यांच्याच भाषेतलं, अर्थ विसाव्याची जागा. १८५१ मध्ये तिथे सोनं निघालं आणि त्या विसाव्याच्या जागेचा पार बाजार झाला, जगभरातून माणसं फावडी घेऊन धावली. बाकी खाली येतेच.

ताई, आमचं इतवारीत सराफ्याचं दुकान आहे. तुम्ही लिहिलं की तिथे नाल्यात परात घालून सोनं काढता येते. खरं सोनं असते की पर्यटकांना टोपी घालतात? आणि तुम्हाला किती मिळालं ते सांगा. (एक वाचक, इतवारी)

भाऊ, सोनं खरंच. तुमच्या कसोटीवर घासलं तरी पास होईल. पण ते नाल्यात आपोआप आलेलं नाही, ते लोक स्वतःच टाकून ठेवतात, नाहीतर रोज एवढी माणसं परात फिरवतात तर कधीच संपलं असतं. जागेचं नाव सोव्हरिन हिल. जुन्या खदानीच्या जागेवर १८५० च्या दशकातलं अख्खं गाव उभारलंय, १९७० पासून सुरू आहे. मातीचा रस्ता, दोन्ही बाजूला लाकडी दुकानं, घोडागाडी, लांब घागऱ्यातल्या बाया, लाल कोटातले शिपाई मधूनच बंदुका उडवतात आणि लहान पोरं कान धरून आईला चिकटतात. नाला खालच्या अंगाला आहे. परात नि फावडं तिथेच मिळते, आणि जे सापडेल ते तुमचं.

कृती अशी की नाल्याच्या तळाची वाळू परातीत घ्यायची, पाण्याखाली धरून जोरात हलवायची म्हणजे जड ते खाली बसते, मग परात तिरपी करून वरची वाळू थोडी थोडी पाण्यात सोडायची. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू अडीच-पावणेतीन पट, म्हणजे नियमाने सोनं शेवटपर्यंत थांबायला पाहिजे. नियमाने. मी घाई केली, पहिल्या दोन परातींत वाळूबरोबर काय गेलं ते देव जाणे. तिसऱ्या वेळी तिथला माणूस शेजारी येऊन बसला, म्हणाला हळू, मनगट फिरवा, खांदा नाही. शेवटी तळाशी काळ्या वाळूची एक बारीक रेघ उरली आणि त्या रेघेच्या टोकाला दोन कण, मोहरीच्या अर्ध्याहून लहान, पण चमक अशी की ऊन नसतानाही दिसले. ओलं बोट टेकवून उचलायचे नि पाण्याच्या बारक्या बाटलीत झटकायचे. बाटली आता देवघरात आहे. यांनी विचारलं याचे किती येतील, मी म्हटलं चहाचे पण येणार नाहीत, राहू द्या.

आणि भाऊ, तो माणूस मनगट फिरवायला शिकवून राह्यला होता तेव्हा मला तुमचाच सराफा आठवला. लहानपणी आजीबरोबर इतवारीत यायची तेव्हा दुकानं उघडायच्या आधी सोनझारी बायका दुकानांपुढची धूळ झाडून न्यायच्या, नालीतला गाळ सुद्धा, आणि लाकडी उथळ परातीत धुवत बसायच्या. डिट्टो तीच हालचाल! आजी म्हणायची, बघ, सोनाराच्या हातून जे सुटते ते यांच्या हातून सुटत नाही. तुम्ही सराफ्यातले, तुम्हाला मी काय सांगू. इतकंच की तिकडे हे काम शिकायला मी तिकीट काढून लायनीत उभी होते.

माझे वडील मनसरच्या मँगनीजच्या खदानीत होते म्हणून विचारतो. सोनं नाल्यातच मिळत होतं तर मग खदानी कशाला खोदल्या? (वाचक, कामठी रोड)

तुम्ही खदानवाल्यांच्या घरचे, म्हणून जरा नीट सांगते. सुरुवातीला सोनं वरच होतं, ओढ्यांच्या काठाला, एक माणूस एक फावडं असा हिशोब. ते काही महिन्यांत उरकलं. मग लक्षात आलं की खूप जुन्या काळच्या नद्यांचे तळ जमिनीखाली गाडले गेलेत, नि खरा माल त्या तळांच्या गोट्यांमध्ये आहे. गाडले कशाने, तर लाव्हाने. ज्वालामुखीचा रस वाहत येऊन नदीवर पसरला नि थिजला, काळा बेसाल्ट. आपली सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, सगळा तोच खडक, दख्खनचा पसारा पूर्वेला इथेच नागपूरपाशी संपतो. फरक वयाचा. आपला साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा आणि त्यांचा त्यामानाने अगदी कालपरवाचा.

आता त्या खडकातून खाली जायचं म्हणजे विहीर पाडा, लाकडाचे धीरे द्या, पाणी उपसा. एकट्यादुकट्याचं काम राहिलंच नाही, टोळ्या झाल्या, मग कंपन्या, मग वाफेची इंजिनं. १८५८ च्या जून महिन्यात बेकरी हिल भागात अशाच एका खदानीत ५५ मीटर खोल एक गोळा सापडला, वेलकम नगेट म्हणतात त्याला, जवळपास ६९ किलो! जुन्या तोळ्यात मोजला तर सहा हजाराला थोडा कमी. खोदणारे इंग्लंडच्या कॉर्नवॉलकडचे, पिढीजात खदानवाले. गोळा पुढच्या वर्षी लंडनला वितळवून नाणी पाडली, त्यामुळे आता बघायला मिळते ती नक्कल. सोव्हरिन हिलला जमिनीखाली नेतात, तिथे ही गोष्ट अंधारात सांगतात, आणि खरं सांगू, नक्कल असली तरी त्या अंधारात ती बघून पोटात काहीतरी होतेच.

वर आले की सोनं अडकलेली गारगोटी कुटायची वाफेवरची मशीन चालू असते, लोखंडी मुसळं एकामागून एक आपटतात. त्या आवाजात बोलणं अशक्य. वडिलांना नेता आलं तर न्या, बाकीचे लोक फोटो काढतील नि वडील धीरे कसे बसवले ते बघत बसतील.

तुम्ही युरेका नावाच्या फाटक्या झेंड्याचा उल्लेख केला नि पुढे काहीच लिहिलं नाही. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. हे काय प्रकरण आहे आणि बघण्यासारखं आहे का? (वाचक, महाल)

सर, चुकलंच माझं. खरं तर बॅलरॅटमध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर मी सोव्हरिन हिल सोडायला सांगेन आणि झेंडा बघा म्हणेन. भाचा यावर माझ्याशी भांडला, पण तो भांडतोच.

प्रकरण लायसन्सचं. खोदायचं असेल तर महिन्याला ३० शिलिंग सरकारला भरा, सोनं सापडो न सापडो. बहुतेकांना सापडत नव्हतंच. पोलीस येऊन वेळीअवेळी कागद मागायचे, नसला की पकडून न्यायचे, माणूस विहिरीच्या तळाशी असला तरी वर बोलवायचे. मत द्यायचा हक्क नाही, तक्रार ऐकायला कोणी नाही. त्यात ऑक्टोबर १८५४ मध्ये युरेका नावाच्या हॉटेलाजवळ जेम्स स्कोबी नावाचा एक खोदणारा मारला गेला, संशय हॉटेलच्या मालकावर, त्याची वर ओळख, तो सुटला, नि चिडलेल्या लोकांनी हॉटेलच जाळलं. २९ नोव्हेंबरला बेकरी हिलवर मोठी सभा, तिथे हा झेंडा फडकला आणि लोकांनी आपापली लायसन्सं काढून आगीत टाकली. पुढे पीटर लेलर नावाचा आयरिश माणूस होता, त्याच्या मागे लोकांनी लाकडं नि गाड्या उभ्या करून एक आडोसा बांधला.

३ डिसेंबर, रविवार. रविवार म्हणून बरेचसे लोक आपापल्या तंबूंत गेलेले, आडोशात दीडएकशे उरलेले, आणि उजाडायच्या सुमारास तीनशेच्या आसपास सैनिक नि पोलीस चालून आले. पाव तासात खेळ खलास. खोदणाऱ्यांतले निदान २२ गेले, सैनिकही गेले. लेलरचा डावा हात कापावा लागला.

पण सर, मजा पुढे आहे. १३ जणांवर राजद्रोहाचा खटला मेलबर्नला चालवला आणि ज्यूरीने एकालाही दोषी धरलं नाही, तेराच्या तेरा सुटले. पहिला सुटला तो जॉन जोसेफ, अमेरिकेहून आलेला काळा माणूस, लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवला. आत गेला कोण, तर गावच्या पेपरचा संपादक, हेन्री सीकॅम्प, त्याने जे छापलं त्याबद्दल. (आमच्या संपादकांनी हे वाक्य दोनदा वाचलं.) वर्षभरात लायसन्स रद्द, त्याऐवजी वर्षाला एक पौंडाचा परवाना, त्यासोबत मताचा हक्क. आणि एका हाताचा लेलर आमदार झाला, पुढे विधानसभेचा स्पीकर सुद्धा!

झेंडा युरेका सेंटरमध्ये आहे, लढाई झाली त्याच भागात. अंधारी खोली, आवाज न करता उभं राहायचं. निळं लोकरी कापड, पांढरा क्रॉस, त्यावर आठ टोकांचे पाच तारे, दक्षिणेच्या आकाशात दिसते त्या नक्षत्राचे. जवळून बघितलं तर तारे एकसारखे नाहीत, हाताने कापून शिवलेले कळतात. आणि कडेकडेने तुकडेच गायब, कारण तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं लोक आठवण म्हणून कात्रीने कापून नेत राहिले. ज्या शिपायाने तो उतरवला त्याच्या घरच्यांनी १८९५ मध्ये तो गावच्या आर्ट गॅलरीकडे दिला म्हणून उरला तेवढा उरला.

एक गोष्ट मात्र तिथे जरा हळू आवाजात सांगतात. याच सरकारने १८५५ मध्ये चिनी माणसांवर वेगळा कर बसवला, जहाजातून उतरणाऱ्या दर चिनी माणसामागे १० पौंड. मग ते शेजारच्या राज्यात रोब नावाच्या बंदराला उतरायचे नि तिथून चारशेहून जास्त किलोमीटर पायी, कावड खांद्यावर घेऊन खदानीपर्यंत यायचे. लायसन्सवर रागावलेल्या खोदणाऱ्यांपैकी कितीतरी या करावर खूश होते. तुम्ही मास्तर, तुम्हाला नवल वाटणार नाही.

मुलगा मेलबर्नला आहे, जूनमध्ये जाऊन राह्यलो. माझे गुडघे दुखतात, यांना बीपी, बरोबर सहा वर्षांची नात. एका दिवसात होईल का? (वाचिका, प्रतापनगर)

ताई, जून! आपल्याकडे तेव्हा पंख्याखाली बसवत नाही म्हणून तुम्ही पळता हे कळते मला, पण बॅलरॅट मेलबर्नपेक्षाही गार, उंचावर आहे, जूनमध्ये दुपारी १० डिग्रीच्या आसपास आणि वरून भुरभुर पाऊस नि वारा. शालीचं काम नाही, जाड जॅकेट, कानटोपी, मोजे. नागपूरचं स्वेटर म्हणजे तिथे बनियन.

मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून गाडी, दीड तास धरा. भाडं मेलबर्न शहराच्या दिवसभराच्या तिकिटापेक्षा जास्त घेत नाहीत, २०२३ पासून तसा नियमच आहे. स्टेशनहून सोव्हरिन हिल जवळच, पण तुम्ही टॅक्सी करा. जायच्या आधी मुलाला त्यांची वेबसाइट बघायला लावा, रोज उघडं असतेच असं नाही.

आत चढउतार आहे, रस्ता मातीचा नि खडबडीत, म्हणून गुडघ्याचा पट्टा नि स्पोर्ट शूज. खाली खदानीत जायच्या आधी पायऱ्या किती ते विचारून घ्या, लाजू नका. नातीसाठी मेणबत्त्या बनवतात ते, गोळ्यांच्या दुकानात उकळलेला पाक ओढून लाल लाल गोळ्या कापतात ते, आणि सोनं ओततात ते नक्की. भट्टीतून १०६४ डिग्रीच्या वर तापवलेलं सोनं साच्यात ओतलं की आधी नारिंगी दिसते, मग बघता बघता पिवळं होऊन वीट तयार. साहेबांना तिथे बाकावर बसायला मिळेल, तेवढाच बीपीला आराम.

एका दिवसात सोव्हरिन हिल आणि झेंडा एवढंच. मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी वेंडूरी तलाव, १९५६ च्या ऑलिम्पिकच्या होड्यांच्या शर्यती तिथेच झाल्या होत्या, काठाला बॉटनिकल गार्डन, त्यात ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांचे ब्राँझचे अर्धपुतळे रांगेत. नात पुतळ्यांना बोर होईल, तिला वाइल्डलाइफ पार्कला न्या, कांगारू मोकळे हिंडतात नि हातावरचं खातात. लिडियार्ड स्ट्रीटवर सोन्याच्या पैशातून बांधलेल्या दगडी इमारती आहेत, १८७५ चं थिएटर, १८८४ पासूनची आर्ट गॅलरी, तुम्हाला आवडतील. आणि गावाबाहेर पडताना रस्त्याच्या दोन्ही बाजूला झाडंच झाडं दिसतील, २२ किलोमीटर, पहिल्या महायुद्धावर गेलेल्या (मेलेल्याच नव्हे) गावच्या दर माणसामागे एक झाड, जवळपास ३८०० झाडं. लावली कोणी, तर लुकास नावाच्या कपड्याच्या फॅक्टरीतल्या शिवणकाम करणाऱ्या मुलींनी. गाडी हळू घ्यायला सांगा.

भाच्यासाठी संत्रा बर्फी नेली होती का? मला पण न्यायची आहे. (वाचक, सदर)

नाही हो. दुधाचं आहे, भारतातली दुधाची मिठाई तिथे चालत नाही. खायचं जे काय नेता ते सगळं विमानातल्या फॉर्मवर लिहा, लपवलं की दंड. बुटाला चिखल असेल तर तोही धुऊन जा, तोही बघतात. भाच्याने फोनवर नुसता वास घ्यायला मागितला बिचाऱ्याने.

बॅलरॅट ठीक आहे, पण तिकडे एक मोठा स्तूप आहे म्हणतात तो कुठे? दीक्षाभूमीच्या पाखरांना तो बघायचाय. (वाचक, इंदोरा)

जय भीम भाऊ, तो बेंडिगोला. तेही सोन्याचंच गाव, १८५१ मध्येच सापडलं, बॅलरॅटहून साधारण १२० किलोमीटर, मेलबर्नहून दीडशे, म्हणजे आपलं नागपूर-अमरावती. ग्रेट स्तूप ऑफ युनिव्हर्सल कम्पॅशन त्याचं नाव, तिबेटच्या ग्यांत्से इथल्या स्तूपावरून बांधलाय, जवळपास ५० मीटर उंच. आपल्या दीक्षाभूमीचा १२० फूट आहे नं, त्यापेक्षा उंच. पण आपला गोल, आत शिरलं की मोकळा घुमट, आवाज घुमतो, तो वेगळाच. त्यांचा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारा, भोवती निलगिरीचं रान, गर्दी अजिबात नाही. आत हिरव्या जेडची बुद्धमूर्ती, अडीच मीटर, वजन चार टनांच्या आसपास, जगभर फिरून २०१८ मध्ये तिथे कायमची बसली. मी तिथे उभी असताना डोक्यात हेच आलं की मेलबर्नला ऑलिम्पिक भरलं त्याच वर्षी, महिनाभर आधी, इकडे दीक्षाभूमीवर लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत जमले होते.

बेंडिगोला गेलातच तर सेंट्रल डेबोरा खदान, ४१२ मीटर खोल, १९५४ मध्ये बंद झालेली, आता लोकांना खाली घेऊन जातात. आणि चिनी लोकांचं गोल्डन ड्रॅगन म्युझियम, मिरवणुकीचे शंभर मीटरचे ड्रॅगन बघून आपला मारबत विसराल. बरं, विसरणार नाही, पण थोडा वेळ.

तुम्हाला परदेशच दिसते का हो? आपला सीताबर्डीचा किल्ला दिसत नाही? १८१७ ची लढाई तिथेच झाली. त्यावर कधी लिहाल? (वाचक, धंतोली)

काका, बरोबर आहे तुमचं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा ठरावीक दिवशी उघडतो आणि त्या दिवशी मी दर वेळी कोणाच्या तरी घरी श्रीखंड-पुरीला गेलेली असते. या १ मे ला सकाळी सातला मी मुख्य गेटपाशी उभी राहते, तुम्ही पण या, पाण्याची बाटली नि दुपट्टा घेऊन. काळा खडक मी दाखवते, लढाई तुम्ही सांगा.